वाचकांचे प्रश्न : जुन्या कन्सोलवरील रोल-प्लेइंग गेम

जुन्या कन्सोलवर कोणते रोल-प्लेइंग गेम, म्हणजेच आरपीजी, खेळावेत याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा प्लेस्टेशन २ खाली काढला आणि तो अजूनही चालतो. पूर्वी आम्ही भाऊ त्यावर क्रिकेट आणि गाड्यांच्या शर्यती खेळत असू. आता वय ४२ आहे आणि रात्री जेवणानंतर तासभर मोकळा मिळतो. आरपीजी मी कधीच खेळलेलो नाही. सुरुवात कशाने करावी? — एक वाचक, नाशिक

खेळ निवडताना आपल्या पत्रातील ‘तासभर’ या शब्दाला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. शर्यत पाच मिनिटांत संपते. आरपीजीमध्ये मात्र एकच कथा अनेक आठवडे चालते, पात्रे लढाया करून अनुभव मिळवतात आणि त्या अनुभवाने हळूहळू बलवान होतात. साहजिकच आपण कुठवर आलो याची नोंद, म्हणजे सेव्ह, हा या प्रकाराचा कणा असतो, आणि जुन्या कन्सोलवरील बहुतेक आरपीजी वाटेल तिथे सेव्ह करू देत नाहीत. म्हणून प्रसिद्धीपेक्षा आधी दोन गोष्टी पाहाव्यात: खेळ कुठे थांबवता येतो, आणि हरल्यावर तो आपल्याकडून काय हिरावून घेतो.

या कसोटीवर प्लेस्टेशन २ साठी माझी पहिली शिफारस ‘ड्रॅगन क्वेस्ट ८’ ही आहे. जपानमध्ये तो २००४ साली आला. पात्रांची रेखाटने अकिरा तोरियामा यांची आहेत. लढाई पाळीपाळीने होते, म्हणजे आपण आज्ञा देईपर्यंत शत्रू थांबून राहतो, त्यामुळे बोटांच्या चपळाईची गरज नाही. सेव्ह गावातील चर्चमध्ये होते. सगळी पात्रे पडली तर हातातील निम्मे पैसे जातात, मात्र मिळवलेला अनुभव तसाच राहतो आणि आपण पुन्हा चर्चपाशी उभे असतो. दिवसभर काम करून बसलेल्या माणसाला याचे मोल लगेच कळते: हरलेला तासही वाया जात नाही. पैसे बँकेत ठेवण्याची सोय खेळातच आहे, तिचा उपयोग करावा. कथा साधी, राजा-राजकन्या-शाप या वळणाची आहे, आणि खेळ ६० तासांच्या पुढे जातो. तेवढा धीर असेल तर यापेक्षा सौम्य गुरू या कन्सोलवर मिळणार नाही.

२००१ सालचा ‘फायनल फँटसी १०’ अधिक प्रसिद्ध आहे आणि पहिल्याच तासात तो मनाची पकड घेतो. पुढची पाळी कोणाची हे पडद्याच्या कडेला दिसत राहते, त्यामुळे नवख्यालाही डाव आखता येतो. वाटेतील सेव्हचे गोल सर्वांच्या जखमाही भरून काढतात. परंतु येथे हरलात की थेट मागच्या सेव्हपासून सुरुवात करावी लागते, आणि मोठ्या शत्रूंपूर्वीची लांबलचक दृश्ये मूळ आवृत्तीत टाळता येत नाहीत, ती पुन्हा पाहावीच लागतात. माझ्या मते हा आपला दुसरा खेळ असावा. त्यात साहाय्याला बोलावता येणारी ‘शिवा’ ही बर्फावर सत्ता असलेली स्त्री आहे, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मराठी घरात ते नाव ऐकून पहिल्यांदा गोंधळ उडतो.

आपल्या कन्सोलचा आणखी एक गुण पुष्कळांना माहीत नसतो. प्लेस्टेशन २ वर पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कही चालतात. मात्र त्यांचे सेव्ह ठेवण्यासाठी पहिल्या प्लेस्टेशनचेच मेमरी कार्ड लागते, ८ एमबीचे प्लेस्टेशन २ चे कार्ड त्यासाठी उपयोगी नाही. ते जुने कार्ड मिळाले तर कोनामी कंपनीचा १९९५ सालचा ‘सुईकोडेन’ शोधावा. चीनच्या अभिजात साहित्यातील १०८ वीरांच्या कथेचा आधार घेऊन तो रचला आहे: आपण एक ओसाड किल्ला ताब्यात घेतो, माणसे जमवत जातो आणि प्रत्येक नव्या माणसाबरोबर किल्ल्यात एखादे दुकान, एखादे स्वयंपाकघर, एखादा लोहार वाढत जातो. एका वेळी सहा जण लढतात, लढाया झटपट उरकतात आणि सारा खेळ साधारण २० ते २५ तासांत पूर्ण होतो, जे या प्रकारात दुर्मीळच म्हणावे लागेल. त्याचे सेव्ह जपून ठेवावे, कारण १९९८ साली आलेला दुसरा भाग ते वाचतो आणि पहिल्या भागाचा नायक त्यात भेटू शकतो. दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे, पण तो आधी खेळू नये.

डिस्क विकत घेण्यापूर्वी कन्सोल कोणत्या विभागाचा, म्हणजे जगाच्या कोणत्या भागात विकण्यासाठी बनवलेला, आहे हे त्याच्या मागील स्टिकरवरील मॉडेल क्रमांकावरून पडताळून घ्यावे. एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या कन्सोलवर चालत नाही, आणि परदेशातून मागवलेली डिस्क परत पाठवणे खर्चाचे असते.

माझ्या ११ वर्षांच्या मुलीला तिच्या मामाने त्याचा जुना निन्टेन्डो डीएस लाइट दिला आहे. ती इंग्रजी वाचते, पण लांब परिच्छेद आले की कंटाळते. तिच्यासाठी आरपीजी सुचवाल का? — एक आई, ठाणे

डीएस लाइटच्या खालच्या कडेला एक दुसरी, रुंद खाच आहे. तिच्यात गेम बॉय अॅडव्हान्सच्या कॅसेट बसतात; त्याही आधीच्या, साध्या गेम बॉयच्या कॅसेट मात्र चालत नाहीत. म्हणजे मामाने एकाऐवजी दोन कन्सोलचा संग्रह दिला आहे असे समजावे.

त्या खाचेसाठी ‘पोकेमॉन फायररेड’ किंवा ‘लीफग्रीन’ यांपैकी एक घ्यावा. हे १९९६ सालच्या पहिल्या पोकेमॉनचे २००४ मधील नवे रूप आहे. वाक्ये आखूड आहेत, लढाईव्यतिरिक्त कुठेही सेव्ह करता येते, आणि ‘जेवायला चल’ या हाकेनंतर लहानगी एका मिनिटात खेळ बंद करू शकते. अडचण एवढीच की यात एकच सेव्ह राहते; घरात दुसरे भावंड असेल तर भांडण ठरलेले. दुसरा पर्याय २००३ सालचा ‘मारिओ अँड लुइगी : सुपरस्टार सागा’. यात दोन्ही भावांना दोन वेगळी बटणे दिली आहेत आणि शत्रूचा वार अचूक क्षणी उडी मारून चुकवता येतो. विनोद भरपूर आहे आणि आपली पाळी नसतानाही हात रिकामा राहत नाही, त्यामुळे कंटाळणाऱ्या मुलांना तो धरून ठेवतो. ‘गोल्डन सन’ची शिफारस आपल्याला अनेक जण करतील. जादूने खांब सरकवून, वेली वाढवून सोडवायची त्यातील कोडी खरोखर सुंदर आहेत, परंतु पात्रे अतोनात बोलतात. तो दोन वर्षांनी द्यावा.

पोकेमॉनच्या बनावट कॅसेट बाजारात इतक्या आहेत की हा इशारा द्यावाच लागतो. त्या सुरुवातीला नीट चालतात आणि मग एके दिवशी सेव्ह गिळून टाकतात. अस्सल कॅसेटच्या पुढच्या लेबलवर बारीक दाबून उमटवलेला दोन अंकी ठसा असतो, तिरप्या प्रकाशात तो दिसतो. अस्सल ‘फायररेड’मध्ये बॅटरी नसतेच, त्यामुळे कॅसेट उघडल्यावर आत बटणासारखा सेल दिसला तर ती घेऊ नये.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेले असे. त्यात मारिओ आणि रणगाडे होते, पण कथा असलेला खेळ एकही आठवत नाही. तेव्हा असे खेळ नव्हतेच का? — एक वाचक, कोल्हापूर

होते, आणि तेही त्याच कन्सोलसाठी. आपला तो खेळ म्हणजे निन्टेन्डोच्या जपानी ‘फॅमिकॉम’ची नक्कल होती, आणि मूळ फॅमिकॉमवर २७ मे १९८६ रोजी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ प्रसिद्ध झाला. संगणकावरील ‘विझार्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे किचकट खेळ पाहून युजी होरी यांनी तोच अनुभव दोन बटणांच्या कंट्रोलरवर आणला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात ‘फायनल फँटसी’ आला. जपानी आरपीजीची घराणी येथूनच सुरू होतात.

ते आपल्या कॅसेटमध्ये का नव्हते, याचे कारण आकारात शोधू नये. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ६४ केबीचा होता आणि मारिओ ४० केबीचा. फरक फार नाही. खरा अडसर भाषेचा आणि सेव्हचा होता. सारा मजकूर जपानी लिपीत, आणि तो वाचल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकता येत नाही. मारिओला मात्र वाचायची गरजच नाही. शिवाय त्या पहिल्या जपानी आवृत्तीत सेव्हऐवजी राजा आपल्याला २० जपानी अक्षरांचा एक मंत्र सांगत असे. तो वहीत उतरवून दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरावा लागे आणि एक अक्षर चुकले की सगळे गेले. दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत वाढला. १९८९ साली अमेरिकेत ‘ड्रॅगन वॉरिअर’ या नावाने आलेल्या इंग्रजी कॅसेटमध्ये बॅटरीवर चालणारे सेव्ह घातले गेले, पण ती अमेरिकी कॅसेट ७२ पिनांची आणि आपल्याकडच्या यंत्राची खाच ६० पिनांची, त्यामुळे ती परदेशातून कोणी आणली असती तरी बसली नसती.

आज तो खेळ अनुभवायचा असेल तर गेम बॉय कलरसाठी २००० साली निघालेली ‘ड्रॅगन वॉरिअर १ आणि २’ ही एकत्र कॅसेट घ्यावी. ती गेम बॉय अॅडव्हान्सवरही चालते. जपानी मूळ कॅसेटच्या मागे लागू नये.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. येथील जुन्या खेळांच्या दुकानात सुपर निन्टेन्डो चांगल्या स्थितीत मिळाला. दुकानदार ‘क्रोनो ट्रिगर’, ‘फायनल फँटसी ३’ आणि ‘अर्थबाउंड’ ही तीन नावे घेतो, पण तिन्हींच्या किमती अवाच्या सवा आहेत. एकच घ्यायचा तर कोणता? — एक वाचक, एडिसन

एकच घ्यायचा तर १९९५ सालचा ‘क्रोनो ट्रिगर’. ‘फायनल फँटसी’चे हिरोनोबु साकागुची, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे होरी आणि चित्रकार तोरियामा असे एरवी प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या खेळांवर काम करणारे लोक यात एकत्र आले. कथा वेगवेगळ्या काळांत फिरते. एका युगात केलेल्या कृतीचा परिणाम दुसऱ्या युगात जाऊन पाहता येतो. शत्रू बहुधा नकाशावर आधीच दिसतात आणि लढाई तिथल्या तिथेच होते, दर चार पावलांनी पडदा काळा होत नाही. मोठ्या नकाशावर कुठेही सेव्ह करता येते. एकदा पूर्ण झाल्यावर वाढलेल्या शक्तीसह पुन्हा सुरुवात करता येते आणि शेवट दहाहून अधिक आहेत. सारे मिळून खेळ आटोपशीर आहे. पाणी घालून वाढवलेला नाही.

दुकानदाराचा ‘फायनल फँटसी ३’ वास्तविक मालिकेतील सहावा भाग आहे. दुसरा, तिसरा आणि पाचवा भाग त्या काळात अमेरिकेत आलेच नाहीत, म्हणून चौथा तेथे दुसरा ठरला आणि १९९४ सालचा सहावा तिसरा. पात्रे १४, संगीत नोबुओ उएमात्सु यांचे, आणि उत्तरार्धात जग असे मोकळे सुटते की कुठे जायचे ते आपणच ठरवायचे. माझ्या व्यक्तिगत आवडीत तो ‘क्रोनो ट्रिगर’च्याही वर आहे, परंतु पहिला म्हणून देणार नाही. शिगेसातो इतोई यांच्या ‘अर्थबाउंड’मध्ये तलवारी आणि किल्ले नसून बेसबॉलची बॅट, टेलिफोन आणि बर्गर आहेत, आरपीजीच्या ठरीव चालींची तो थट्टा करतो, आणि त्या चाली आधी ठाऊक असल्याशिवाय ती थट्टा पोहोचत नाही.

किमतीबद्दल स्पष्ट सांगायचे तर मूळ कॅसेटचा हट्ट धरण्याचे कारण नाही. ‘क्रोनो ट्रिगर’ २००८ साली निन्टेन्डो डीएसवर आला. तो संपूर्ण आहे आणि यंत्राचे झाकण मिटताच खेळ झोपी जातो. पहिल्या प्लेस्टेशनवरील आवृत्ती मात्र टाळावी, कारण डिस्कवरून माहिती येण्याची वाट वारंवार पाहावी लागते. तरीही कॅसेटच घेणार असाल तर दुकानातच सेव्ह करून, कन्सोल बंद करून, काही मिनिटांनी पुन्हा सुरू करून पाहावे. या तिन्ही कॅसेटमधील सेव्ह आतल्या छोट्या सेलवर जगते. सेल संपला असेल तर तो बदलता येतो, पण तो झाळलेला असतो, म्हणून काम सोल्डरिंग येणाऱ्याकडे द्यावे. आणि बदलताना आधीचे सेव्ह पुसले जाईल हे गृहीत धरावे.

मला बुद्धिबळ आवडते. आरपीजीमध्ये तसे काही आहे का? पीएसपी आणि गेम बॉय अॅडव्हान्स दोन्ही उपलब्ध आहेत. — एक विद्यार्थी, पणजी

आहे. चौकोनांच्या पटावर मोहरी हलवून लढायचे आरपीजी ही वेगळी शाखाच आहे. गेम बॉय अॅडव्हान्सवर २००३ साली इंग्रजीत आलेल्या ‘फायर एम्ब्लेम’पासून सुरुवात करावी. त्यातील पहिली दहा-एक प्रकरणे नियम शिकवण्यासाठीच आहेत, आणि लढाईच्या मध्येच यंत्र बंद केले तरी पुढच्या वेळी तेथूनच सुरू करता येते. पडलेला योद्धा मात्र कायमचा जातो, आणि बुद्धिबळ खेळणाऱ्याला यात अन्याय वाटू नये. पीएसपीवर २००७ सालचा ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स : द वॉर ऑफ द लायन्स’ घ्यावा, १९९७ च्या मूळ खेळाचे हे सुधारलेले रूप असून राजकारण, धर्मसत्ता आणि दोन मित्रांच्या वेगळ्या वाटा अशी त्याची प्रौढ कथा आहे. एकेक लढाई अर्धा-पाऊण तास चालू शकते. सलग लढाया लागतात तिथे दोन लढायांच्या मध्ये तो सेव्ह करायला विचारतो. त्या वेळी जुन्या सेव्हवर न लिहिता नवी जागा वापरावी, कारण किल्ल्यातील एका एकट्याच्या द्वंद्वापाशी पुरेशी तयारी नसलेले खेळाडू अडकतात आणि मागे फिरायला वाट नसते.