मुलाच्या व्यसनात आईने मन कोठे टेकवावे

ताई, काल पहिल्याच सभेत आपण डोळे पुसत बसलात आणि निघताना विचारलेत, "माझे संस्कार कुठे कमी पडले?" मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी 1951 पासून चालत आलेल्या अल-अ‍ॅनॉनमध्ये मीही हाच प्रश्न घेऊन आले होते. येथे आरंभीच सांगतात की हा आजार आपण निर्माण केलेला नाही, तो आपल्याला आवरता येत नाही आणि बराही करता येत नाही. यातली पहिली गोष्ट आईला सर्वांत उशिरा पटते. मला दोन वर्षे लागली.

पूर्वी मी माझ्या मुलाची दारू सुटावी म्हणून नवस बोलत असे, आणि तो पुन्हा प्यायला की देवाने पाठ फिरवली असे वाटून देवघरापुढे बसणेही नकोसे होई. आता संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ म्हणते, त्याचे नाव घेऊन त्याला पांडुरंगाच्या स्वाधीन करते, आणि स्वतःसाठी फक्त आजच्या दिवसापुरते बळ मागते. स्वाधीन करणे म्हणजे त्याला टाकणे नव्हे. मी त्याला जेवायला वाढते, पण त्याची उधारी फेडत नाही आणि कामावर खोटी कारणे कळवत नाही. पहिल्या वेळी नकार देताना माझे हात थरथरत होते.

मात्र तुमचा मुलगा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागला, तर जपावर विसंबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर लगेच फोन करा, आणि मग मलाही करा, कितीही रात्र झाली असली तरी.