एअरबॅगचा दिवा विझत नाही? आधी सीटखाली बघा

प्रश्न : माझी हॅचबॅक आठ वर्षांची. आतून फोमवॉश करून घेतल्यापासून मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा सतत लागलेला आहे. गाडी चालवायला काही त्रास नाही. उद्यमनगरात एक मिस्त्री एअरबॅगचं कंट्रोल युनिट बदला म्हणतो, दुसरा 'रेझिस्टन्स लावून दिवा घालवतो' म्हणतो. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : तूर्त कुणाचंच नको. फोमवॉशनंतर लागलेला दिवा म्हणजे बहुधा सीटखालच्या प्लगची कुरकुर असते. सफाई करताना सीट पुढे-मागे ढकलतात, वायर ताणली जाते, प्लग अर्धवट निसटतो किंवा त्यात पाणी शिरतं. बऱ्याच गाड्यांत प्रीटेन्शनरचा, म्हणजे धडकेत बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचा, प्लग दाराजवळच्या पिलरच्या तळाशी असतो. तिथंही कार्पेटचं पाणी मुरतं.

आधी स्कॅन करून घ्या, म्हणजे गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड कळेल. मोबाईलला जोडायचा स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतो, एअरबॅगचे नाही. 'एअरबॅगचे कोड वाचता का?' असं विचारूनच गाडी आत घाला. कोड 'बी' अक्षराने सुरू होतो आणि कुठलं सर्किट ते सांगतो : ड्रायव्हर, प्रवासी की प्रीटेन्शनर. ड्रायव्हरच्या एअरबॅगचा कोड आला आणि सोबत हॉर्न किंवा स्टीअरिंगवरची बटणंही बंद असतील, तर सीट सोडा; दोष स्टीअरिंगमधल्या स्पायरल केबलचा समजा.

कोड सीटच्या बाजूचा असेल तर किल्ली बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि निदान तीन मिनिटं थांबा. काही कंपन्या याहून जास्त वेळ सांगतात, मॅन्युअल बघा. युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, तेवढ्यावरही बॅग फुटू शकते. मग पिवळा प्लग शोधा. एअरबॅग आणि प्रीटेन्शनरच्या वायरी पिवळ्या ठेवतात त्या ओळखू याव्यात म्हणूनच. लॉक सरकवून प्लग काढा. पिनांवर हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका. पिनेवरचा मुलामा निघून दोष पुन्हा उगवतो. 'टक' आवाज येईपर्यंत प्लग बसवा. वायर केबल टायने बांधा, पण सीट दोन्ही टोकांना सरकवून ताण पडत नाही ना हे बघूनच. मल्टिमीटरची टोकं एअरबॅगच्या प्लगला कधीच लावू नका. मीटरच्या करंटनेही ती उडू शकते.

दोष गेला तरी बऱ्याच गाड्यांत कोड मेमरीत राहतो आणि दिवा तसाच लागलेला दिसतो, म्हणून शेवटी स्कॅनरने तो पुसावा लागतो. पुसल्यावर लगेच परत आला, तर वायरिंग तपासा. युनिट सर्वांत शेवटी.

रेझिस्टन्सची युक्ती मात्र सरळ फसवणूक आहे. एअरबॅगच्या सर्किटचा रोध साधारण दोन-तीन ओहम असतो. तेवढा रेझिस्टन्स लावला की युनिटला सगळं ठीक वाटतं, दिवा जातो, आणि धडक बसली की ती बॅग फुगत नाही.

प्रश्न : शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी बेल्टचा बझर वाजतो. सेन्सर बिघडला का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. सीटच्या फोमवरची मॅट वजन ओळखते, माणूस नाही. पिशवी मागे ठेवा. रिकाम्या सीटवरही वाजत असेल तर मॅट ओली झाली असेल किंवा घट्ट सीट कव्हरने दाबली गेली असेल. कव्हर काढून, सीट वाळवून बघा. बझर बंद करायला बकलमध्ये नुसती पट्टी खुपसून ठेवू नका. सीटच्या कडेला 'एअरबॅग' असा टॅग असेल तर ती बाजू झाकणारं कव्हरही नको.

प्रश्न : जुनी गाडी घेतोय. पुरात बुडाली होती का, हे एअरबॅगवरून कळेल?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : अंदाज येतो. किल्ली ऑन करा, इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. इंजिन चालू झाल्यावर ऑइलच्या दिव्याबरोबरच विझला, तर त्या दिव्याला जोडून दिलाय. कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत गिअरजवळ, मधल्या कन्सोलखाली जमिनीलगत असतं. पंचगंगेच्या २०१९ किंवा २०२१ च्या पुरात कार्पेटच्या वर पाणी आलं असेल तर ते भिजलंच. भिजलेलं युनिट वाळवून चालवायचं नसतं, बदलायचं असतं. तो खर्च किमतीतून वजा करून मागा. कार्पेट उचलून सीटचे बोल्ट आणि पिवळ्या प्लगच्या खाचा टॉर्चने बघा. गाळ धुतला तरी तिथं राहतो.