कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित कॅम्पातले पोलिश लोक वॉर्सा जळालं म्हणून आले का? आणि ते शहर पुन्हा कसं उभं राहिलं?

नाही, कोल्हापुरात हा गैरसमज बराच आहे. वळिवड्यात 1943 पासूनच सुमारे 5000 पोलिश लोक होते. बहुतेक पूर्व पोलंडमधले, सोव्हिएतांनी सायबेरियाकडे हाकललेले. महावीर गार्डनमधला स्तंभ त्यांचाच.

वॉर्सा जळालं 1944 मध्ये. 1 ऑगस्टला जर्मन ताब्याविरुद्ध पोलिश लोकांचा उठाव झाला, 63 दिवस चालला आणि मोडला. खरा विध्वंस त्यानंतरचा. माणसं बाहेर काढून जर्मन तुकड्यांनी घरामागून घर पेटवलं, मोठ्या इमारती सुरुंगानं उडवल्या. म्हणजे लढाईतली आग नव्हे, थंड डोक्यानं केलेलं काम. सगळं युद्ध धरून सुमारे 85 टक्के शहर गेलं.

वॉर्साचा जुना भाग (ओल्ड टाउन) पुन्हा उभारताना ढिगाऱ्यातल्या विटाही वापरल्या. आधार होता आर्किटेक्चरच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी युद्धात लपवून ठेवलेल्या नकाशांचा आणि बेलोट्टो या चित्रकाराच्या अठराव्या शतकातल्या चित्रांचा. गंमत म्हणजे चित्रात त्यानं मनानं घातलेले काही तपशीलही मग भिंतींवर उतरले! 1980 मध्ये युनेस्कोनं हा भाग जागतिक वारशात घेतला, तो प्राचीन म्हणून नव्हे, पुनर्बांधणीसाठी. तिथल्या राजवाड्याचं काम मात्र 1971 मध्ये सुरू झालं आणि 1984 पर्यंत चाललं.

वळिवड्याचा कॅम्प 1948 पर्यंत रिकामा झाला. पण बऱ्याच जणांची मूळ गावं तोवर सोव्हिएत हद्दीत गेली होती, त्यामुळे अनेकजण पोलंडला न जाता इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे गेले.