वाचकांचे प्रश्न : मिटली की आवळली?

मागच्या अंकात मी माझ्या कामाबद्दल लिहिलं होतं: जखम कशी भरते आणि प्रयोगशाळेत त्वचा कशी वाढवतात. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेते. काही जणांनी स्वतःच्या जखमांचे फोटोही पाठवलेत. माझ्या नावापुढचं ‘डॉ.’ पीएचडीचं आहे, औषध लिहून देण्याचं नाही. ते फोटो कृपया तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : तुमच्या पहिल्याच यशस्वी प्रयोगानं तुम्हाला तोंडघशी पाडलं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंत आणि पुढे गेलात. नेमकं काय झालं होतं? (पीएचडीचा विद्यार्थी)

ओझरतं लिहिलं, कारण अजूनही थोडी लाज वाटते. पोस्टडॉक होते, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी करत होते, तेव्हाची गोष्ट. कोलॅजनचं, म्हणजे त्वचेला ताकद देणाऱ्या तंतुमय प्रथिनाचं, एक जेल मी बनवलं होतं, त्यात पेशींच्या वाढीला चालना देणारं प्रथिन. उंदरांना भूल देऊन पाठीवर सहा मिलिमीटरच्या पंचनं गोल जखमा करायच्या, निम्म्यांवर जेल, निम्म्यांवर नुसतं सलाइन, आणि रोज शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचे. नवव्या दिवशी जेलवाल्या जखमा शोधाव्या लागत होत्या, सलाइनवाल्या अजून उघड्या होत्या. आलेख इतका देखणा आला की लॅब मीटिंगला मी तो रंगीत छापून नेला. आमच्या लॅबच्या प्रमुख बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, “मिटली की आवळली?”

मला प्रश्नच कळला नाही. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्या खाली स्नायूचा एक पातळ थर असतो. माणसात तो मान-चेहऱ्यासारखे भाग सोडले तर जवळपास उरलेलाच नाही. त्यामुळे बटव्याची नाडी ओढावी तशी उंदराची जखम कडेकडून आवळत जाते, नवी त्वचा फारशी बनवावीच लागत नाही. माणसाची जखम बरीचशी तळातून भरते. आधी लालसर दाणेदार ऊती वर येते, मग कडेच्या पेशी तिच्यावरून सरकत एकमेकींना भेटतात.

मग मी ‘मिटलेल्या’ जखमांचे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढले आणि मॅसन ट्रायक्रोम या रंगप्रक्रियेनं रंगवले. त्यात कोलॅजन निळं दिसतं. जुन्या कातडीत केसांची मुळं असतात, नव्या भागात नसतात. म्हणून डावीकडचं शेवटचं मूळ आणि उजवीकडचं पहिलं मूळ यांतलं अंतर मोजलं, की नवं किती बनलं ते कळतं. ते एक मिलिमीटरही भरेना. सहा मिलिमीटरच्या जखमेतले पाच मिलिमीटर नुसते ओढून आणलेले! पुढच्या खेपेला जखमेभोवती सिलिकॉनची रिंग चिकटवली, वर टाके घातले, म्हणजे कडा आत येऊ नयेत. जेल आणि सलाइन यांच्यातला फरक गेला. माझ्या जेलनं त्वचा बनवली नव्हती, ओढणाऱ्या पेशींना आणखी जोर दिला होता. या पेशींचं, म्हणजे मायोफायब्रोब्लास्टचं, वर्णन गॅबियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्येच केलेलं आहे. मी ते वाचलेलंही होतं. परीक्षेपुरतं.

आठ महिने गेले, पेपर निघाला नाही. आज माझ्याकडे कुणी असा आलेख घेऊन आलं, तर मीही तोच प्रश्न विचारते. चष्मा कपाळावर सरकवते की नाही, ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

प्रश्न : लहानपणापासून ऐकत आलो की जखम उघडी ठेवावी, वाळू द्यावी, खपली धरली की समजावं काम झालं. तुम्ही उलट लिहिता. (निवृत्त शिक्षक)

सर, याचं उत्तर १९६२ साली मिळालं आहे. जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या अंगावर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पडदा लावला. पडद्याखालच्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवा थर जवळजवळ दुप्पट वेगानं आला. कारण साधं आहे. कडेच्या पेशींना सरकायला ओल लागते. वर सगळं वाळून कडक झालं, की त्यांना खपलीच्या खालून, जिथे ओल उरली आहे तिथून वाट काढत जावं लागतं. लहान खरचटणं स्वच्छ धुऊन झाकून ठेवा. खोल जखम, चावा, भाजणं किंवा मधुमेह्याच्या पायावरची कितीही छोटी जखम असेल, तर माझा लेख बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

प्रश्न : १९८० च्या दशकात वाढवलेल्या त्वचेनं भाजलेली मुलं वाचली, असं तुम्हीच लिहिलंत. मग चाळीस वर्षांनंतरही हवी तेवढी त्वचा का मिळत नाही? (अभियंता)

कारण वाढवलेली ‘त्वचा’ अर्धीच होती. त्वचेला दोन थर असतात, बाहेरचा आणि आतला, आणि वाढवला होता तो फक्त बाहेरचा. १९७५ मध्ये राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या बाहेरच्या थराच्या पेशी उंदराच्या पेशींच्या सोबतीनं वाढवून दाखवल्या. त्या उंदराच्या पेशी किरणांनी अशा केलेल्या असतात, की त्या स्वतः वाढत नाहीत, पण सोबत देतात. गंमत म्हणजे हे दोघं त्वचेच्या मागे नव्हतेच. उंदराच्या एका गाठीतल्या पेशी वाढवताना त्यांना त्वचेसारख्या दिसणाऱ्या वसाहती आढळल्या आणि त्यांनी तो धागा धरला. १९८३ मध्ये अंगाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग भाजलेल्या दोन लहान भावांना याच पद्धतीनं वाढवलेले थर लावले आणि ते वाचले.

पण तो थर हातात घेऊन पाहा. एन्झाइम घालून तो डिशच्या तळापासून सोडवला, की लगेच आक्रसतो. चिमट्यात ओल्या टिश्यूपेपरसारखा लोंबतो आणि उलटसुलट झाला तर वरची बाजू कोणती हे ओळखताना घाम फुटतो. तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. त्याला खाली आधार नसतो, म्हणून फोड येतात, थर सुटतो. त्वचेचा चिवटपणा आतल्या थरात आहे, आणि तो नुसत्या पेशी वाढवून मिळत नाही. जाड ऊती केली, की रक्तवाहिनी हवी. तिच्यापासून शंभर-दोनशे मायक्रॉनपलीकडे प्राणवायू पुरत नाही, आतल्या पेशी गुदमरतात.

आतल्या थरावर यानस आणि बर्क यांनी काम केलं, एक पॉलिमरवाला आणि एक सर्जन. गाईच्या स्नायुबंधातलं कोलॅजन, शार्कच्या कूर्चेतला एक शर्करायुक्त घटक आणि वर सिलिकॉनचा पडदा. जखम लवकर मिटावी म्हणून ते एकेक पदार्थ लावून पाहत होते, आणि ती उलट उशिराच मिटत होती. त्यातल्या एका पदार्थानं जखमेचं आवळणंच रोखून धरलं होतं, आणि त्याच जागी आतल्या थरासारखी ऊती उगवली. ही गोष्ट मला आमच्या बाईंच्या प्रश्नाआधी कळली असती, तर माझे आठ महिने वाचले असते. अमेरिकेत त्या पदार्थाला १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

२०१७ मध्ये सात वर्षांच्या एका मुलाची जवळपास ८० टक्के बाहेरची त्वचा जनुक दुरुस्त केलेल्या पेशींतून पुन्हा उभी केल्याचं प्रसिद्ध झालं. त्याचा जनुकीय दोष दोन थरांना धरून ठेवणाऱ्या प्रथिनात होता. म्हणजे अडलं होतं ते बाहेरच्या थरापाशी, आणि तो वाढवणं आपल्याला येतं. अपघातात जळालेल्या माणसाचं दोन्ही थरांपाशी अडतं.

प्रश्न : एमएस्सी झाल्यावर या विषयात यावं का? जीवशास्त्राकडून यावं की इंजिनिअरिंगकडून? करिअर आहे का यात? (विद्यार्थिनी)

कुठूनही ये. दोन्हीकडचे लोक तुला परकंच समजणार. माझे ग्रँटचे अर्ज जीवशास्त्राच्या समितीनं ‘हे तर मटेरियल सायन्स’ म्हणून परत केलेत आणि पुढच्या वर्षी मटेरियलवाल्यांनी ‘हे तर जीवशास्त्र’ म्हणून. घरचं ना घाटचं! पीएचडी, मग एक किंवा दोन पोस्टडॉक, तोवर तिशी सरते, आणि त्यानंतरही कायमची जागा मिळेलच असं नाही. मला मिळाली त्यात कष्ट होते, पण नशिबाचा वाटा मी कमी मानत नाही.

दोन गोष्टी मात्र आधी शीक. एक, काप वाचायला. सॉफ्टवेअर टक्केवारी काढून देतं, पण निरोगी आतल्या थरात कोलॅजन टोपलीच्या विणीसारखं आडवंतिडवं असतं आणि वणात विंचरलेल्या केसांसारखं एका दिशेनं पडतं, हे डोळ्यांना कळलं पाहिजे. वण जुना झाला तरी मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्केच ताकद धरतो, ते या विणीमुळे. दोन, मायकोप्लाझ्माची तपासणी नियमित करायला. हा जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, पेशी ज्यात वाढवतात ते माध्यम गढूळ होत नाही, पेशी वरवर ठणठणीत असतात आणि आकडे हळूहळू खोटे होत जातात. एका प्रयोगशाळेतून मैत्रीखातर आलेली पेशींची बाटली मी तपासल्याशिवाय आमच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली. सगळ्या लॅबचं सहा महिन्यांचं काम कचऱ्यात गेलं आणि महिनाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

प्रश्न : माझा उजवा हात भाजला होता, ग्राफ्ट केलं, म्हणजे अंगावरची दुसरीकडची त्वचा काढून तिथे लावली. हात छान चालतो. पण तिथे घामच येत नाही, तेवढाच भाग तापतो. यावर कुणी काम करतं का?

करतं. आम्हीही करतो. घामाच्या ग्रंथी आतल्या थरात खोलवर असतात. पातळ ग्राफ्ट घेताना त्या मूळ जागीच राहतात, आणि भरून आलेली जखम नव्या ग्रंथी बनवत नाही. आम्ही ग्रंथींच्या पेशी जेलमध्ये वाढवतो. दहा-बारा दिवसांत त्यांचे गोळे होतात, काहींच्या मध्ये पोकळीही दिसते. पण पोकळीपासून पृष्ठभागापर्यंत नळी जायला हवी, ती अजून एकदाही गेलेली नाही. तोवर उन्हात तो हात सुती कापडानं झाका आणि कापड मधूनमधून ओलं करत राहा. घाम जे काम करतो तेच पाणी करतं, फक्त ते तुम्हाला आठवणीनं करावं लागतं.