गवती चहात लिंबू नसतं, मग वास लिंबाचा कसा?

प्रश्न असा आहे: ऐरोलीत बाल्कनीतल्या कुंडीत गवती चहा लावलाय. पात चुरगळली की लिंबाचा वास येतो, म्हणजे हे लिंबाच्या जातीतलं झाड आहे का? आणि चहात उकळल्यावर तो वास निम्मासुद्धा का राहत नाही?

जातीतलं अजिबात नाही. गवती चहा हे गवतच. ज्वारी आणि ऊस हे त्याचे खरे भाऊबंद. लिंबाशी संबंध एवढाच की दोघंही सिट्राल नावाचा एकच पदार्थ तयार करतात, आणि आपलं नाक ज्याला ‘लिंबाचा वास’ म्हणतं तो मुख्यतः सिट्रालचा असतो.

मी बरीच वर्षं रबाळ्याला, फ्लेवर आणि सुगंध बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते. गवती चहाचं तेल ड्रमने यायचं. ज्या दिवशी नमुने काढले त्या दिवशी घरी जाताना ट्रेनमध्ये शेजारची बाई हमखास विचारायची, ‘पिशवीत लिंबाचं लोणचं आहे का हो?’ तेलाचा भाव त्यातल्या सिट्रालवर ठरतो, म्हणून ते मोजणं हे माझं काम. नंतर मशीन आलं, पण सुरुवातीला आम्ही जुन्या पद्धतीने करायचो. लांब, निमुळत्या मानेचा काचेचा फ्लास्क, मानेवर मिलीच्या खुणा. त्यात १० मिली तेल घ्यायचं, सोडियम बायसल्फाइटचं द्रावण घालायचं आणि गरम पाण्यात ठेवून हात भरून येईस्तोवर हलवत राहायचं. सिट्राल बायसल्फाइटशी जोडलं जाऊन पाण्यात उतरतं. बाकीचं तेल वर मानेत येऊन तरंगतं. मानेत अडीच मिली उरलं, की ७५ टक्के सिट्राल. चांगल्या तेलात ७० ते ८० टक्के भरतंच.

आता गंमत बघा. लिंबाच्या सालीच्या तेलात सिट्राल फार तर पाच टक्क्यांच्या आसपास. तिथे सगळ्यात मोठा वाटा लिमोनिनचा. (संत्र्याची साल मेणबत्तीपुढे दाबली की ठिणग्या उडतात ना, ते लिमोनिनच पेटत असतं.) पण वासाला ओळख देतं ते थोडंसं सिट्राल. म्हणजे ‘लिंबूपणा’ लिंबापेक्षा तुमच्या कुंडीतच जास्त आहे. नुसता रस, सालीला धक्का न लावता काढून हुंगून बघा, आंबट लागेल पण वास फिका. वास सालीत, आंबटपणा रसात.

सिट्राल, लिमोनिन ही सगळी टर्पिन घराण्यातली. पाच कार्बनची एक वीट, तशा दोन विटा जोडल्या की दहा कार्बनचा सांगाडा. विटा जोडायची तऱ्हा बदलली, कुठे एखादा ऑक्सिजन अडकला, की वास बदलतो. ही टर्पिनं नीट उलगडून दाखवणाऱ्या ओटो वालाखला १९१० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हापूससुद्धा याच विटांचा. वाशीच्या फळबाजारात एप्रिलमध्ये पेट्यांमधून चालताना जो हिरवट, कैरीसारखा, किंचित चिकाचा वास येतो, त्यात ऑसिमिन हे टर्पिन मोठं. ते कच्च्या फळातही असतं. अढीत आंबा पिकू लागला की त्यावर दुसरं काही चढतं: जळक्या साखरेसारखे गोड फ्युरानोन, खोबऱ्याची-सायीची आठवण करून देणारे लॅक्टोन. परदेशात विकल्या जाणाऱ्या टॉमी अ‍ॅटकिन्स आंब्यात कॅरीन नावाचं टर्पिन वरचढ असतं, म्हणून त्याला टर्पेंटाइनची झाक. लिंबाची नक्कल एका सिट्रालवर बऱ्यापैकी निभते. हापूसची तशी निभत नाही. आम्ही लॅबमध्ये कितीही जुळवाजुळव केली तरी बाजारातून आणलेली एक फोड शेजारी ठेवली की आमचा इसेन्स लगेच उघडा पडायचा. आंबा बर्फीत तो ‘इसेन्सवाला’ वास का येतो ते यावरून कळेल.

आता तुमचा चहा. ओल्या पातीत तेल अगदी कमी, शंभर ग्रॅमला साधारण अर्धा ग्रॅम. सिट्रालचा स्वतःचा उत्कलनबिंदू सव्वादोनशे अंशांच्या वर आहे, पण पाण्याच्या वाफेबरोबर ते शंभर अंशांच्या आतच निघून जातं. गवती चहाचं तेल काढायच्या भट्टीत हेच करतात, पातीतून वाफ सोडायची आणि ती थंड करून तेल वेगळं करायचं. तुम्ही पातेल्यात तीच भट्टी लावता, फक्त तेल गोळा करत नाही. स्वयंपाकघरात घमघमाट सुटला याचा अर्थ कपातलं गेलं. पात कात्रीने बारीक कापा, गॅस बंद करायच्या मिनिटभर आधी टाका आणि लगेच झाकण ठेवा. पाच मिनिटांनी झाकण उलटं करून त्याच्या आतले थेंब हुंगा, सगळं तिथे सापडेल. ते थेंब परत पातेल्यात झटका.

दुधाच्या चहात वास मऊ लागतो, कारण सिट्राल स्निग्धात विरघळतं आणि सायीला धरून बसतं. कोऱ्या चहात तेच टोकदार लागतं. मला कोराच आवडतो, सासूबाईंना ते काढा प्यायल्यासारखं वाटतं.

कोऱ्या चहात लिंबू पिळत असाल तर लगेच प्या. सिट्रालला आम्ल सोसत नाही. आंबट पाण्यात काही दिवसांत त्याचा रेणू वळून वेगळेच पदार्थ होतात, त्यांतला एक क्रेसॉल, फिनेलच्या कुळातला. फ्रिजमध्ये दोन आठवडे राहिलेल्या लिंबू सरबताला तो औषधी वास येतो तो याचाच.

आणि दुकानातली तेलाची बाटली आणून चहात थेंब टाकायचा विचार असेल तर नको. हुंगण्यासाठी विकलेलं तेल पिण्याच्या दर्जाचं असेलच असं नाही, आणि निव्वळ तेल जिभेला, कातडीला चुरचुरतं. माझ्या बोटांवर तसे लाल चट्टे कितीदा उठले. कुंडी आहे ना, तीच कापा.