सॉफ्टबॉल खेळून पुढे काय?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका गावात दहावीत शिकते. सातवीपासून शाळेच्या सॉफ्टबॉल संघात पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारी खेळाडू) आहे आणि यंदा सतरा वर्षांखालील गटात अमरावती विभागाकडून राज्य शालेय स्पर्धा खेळून आले. आमचा संघ लवकर बाद झाला. घरी थोडी कोरडवाहू शेती आहे. बाबा म्हणतात, खेळ झाला तेवढा पुरे, बारावी करून नर्सिंगला जा. पीटीच्या सरांचे मत आहे की मी अमरावतीला जाऊन शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यावी. मोबाइलवर अमेरिकेतल्या कॉलेजांचे सामने पाहते. तिथे खेळाडूंना शिष्यवृत्ती मिळते म्हणे. सॉफ्टबॉलच्या बळावर मला कॉलेज आणि नोकरी मिळेल का? अकरावीला कोणती शाखा घेऊ?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : ज्या संघाकडून खेळून घर चालवता येईल असा व्यावसायिक संघ किंवा तशी लीग आज आपल्या देशात सॉफ्टबॉलमध्ये नाही, हे तुला आधीच सांगितलेले बरे. महिलांचा सॉफ्टबॉल 1996 ते 2008 या काळात ऑलिंपिकमध्ये होता, टोकियोत पुन्हा आला आणि 2028 मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्येही असणार आहे. परंतु भारतीय संघ या खेळात ऑलिंपिकपर्यंत अजून पोहोचलेला नाही. त्यामुळे सॉफ्टबॉल तुला शिक्षणाच्या आणि नोकरीच्या दारापर्यंत नेऊ शकेल, दाराच्या आत मात्र तुझी पदवीच तुला उभे करील, असे धरून निर्णय घ्यावा.

अमेरिकेचा विचार थोडक्यात आटोपते. तिथल्या विद्यापीठांत हा खेळ फार मोठा आहे आणि महाविद्यालयीन खेळाच्या तीन श्रेणींपैकी पहिल्या दोन श्रेणींतील विद्यापीठे खेळाडूंना आर्थिक साहाय्य देतात. तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देत नाहीत. शिवाय सॉफ्टबॉलमधील बहुतेक शिष्यवृत्त्या अंशतः असतात, म्हणजे उरलेला खर्च घरातूनच उभा करावा लागतो. पहिल्या श्रेणीतील चांगल्या पिचरचा चेंडू त्रेचाळीस फुटांवरून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येतो. इंग्रजीची परीक्षा आणि नववीपासूनचे गुणही तपासले जातात. हे सारे अशक्य आहे असे मी म्हणत नाही. पण एका शेतकरी कुटुंबाने आपली सगळी आखणी त्यावर करू नये. ते सामने जरूर पाहा, पिचरच्या मनगटाकडे आणि पावलांकडे पाहा. शिकण्यासारखे तिथे पुष्कळ आहे.

आता अमरावती. सरांचा सल्ला वाऱ्यावरचा नाही. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही संस्था 1914 पासून तिथे उभी आहे आणि शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालवते. तिथे शिकलीस तर संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी देता येईल, आणि विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा. ही संधी साधारण वयाच्या पंचविशीपर्यंतच असते. मात्र केवळ पदवीवर शाळेत शिक्षक होता येत नाही, त्यानंतर बी.पी.एड. (क्रीडाशिक्षक होण्यासाठीची पदवी) करावे लागते, त्याच्या प्रवेश परीक्षेत मैदानी चाचणीही असते, आणि एवढे करूनही क्रीडाशिक्षकांच्या जागा फार थोड्या निघतात. अनेक शाळांत पीटीचा तास गणिताच्या किंवा इंग्रजीच्या सरांकडे का असतो, हे तू पाहिलेच असशील. म्हणून शिक्षकी हा एकच हेतू मनात धरून ही वाट निवडू नकोस.

बाबांचा आग्रह मला चुकीचा वाटत नाही, फक्त त्यात एक अडचण आहे जी बहुधा त्यांनाही ठाऊक नसेल. नर्सिंगची महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. त्यामुळे अमरावतीतच राहून नर्सिंग केलेस तरी अमरावती विद्यापीठाच्या संघात तुला खेळता येणार नाही, आणि रुग्णालयातील ड्यूटीमुळे सरावालाही वेळ कमी मिळेल. नोकरीच्या दृष्टीने मात्र नर्सिंगच अधिक भरवशाचे आहे. खेळाशी नाते ठेवून आरोग्यसेवेत जायचे असेल तर फिजिओथेरपीचाही विचार कर. त्यासाठी ‘नीट’ (NEET) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. या दोन्ही वाटांना बारावीला जीवशास्त्र लागते, तर शारीरिक शिक्षणाच्या पदवीला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो. तेव्हा विज्ञानाचा अभ्यास झेपत असेल तर अकरावीला विज्ञान शाखाच घे. दोन वर्षांनी मन बदलले तर विज्ञानातून शारीरिक शिक्षणाकडे वळता येईल. कला शाखेतून नर्सिंगच्या पदवीकडे वळता येणार नाही.

नोकरीबाबत एक गोष्ट घरी नीट समजावून सांग. राज्य शासनाच्या भरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमधूनच दिले जाणारे) आहे, पोलीस भरतीतही ते लागू असते, आणि केंद्र शासनाच्या खेळाडू भरतीसाठी मान्य असलेल्या खेळांच्या यादीत सॉफ्टबॉल आहे. राज्याच्या आरक्षणासाठी नुसता सहभाग पुरत नाही, पहिल्या तिघांत स्थान लागते. म्हणजे यंदाच्या तुझ्या प्रमाणपत्रावर ते आरक्षण मिळणार नाही. एकोणीस वर्षांखालील गटात किंवा राज्य सॉफ्टबॉल संघटनेच्या स्पर्धेत कनिष्ठ गटात पदक मिळवणे हे पुढच्या दोन-तीन वर्षांचे खरे काम आहे. तुमचा संघ लवकर बाद झाला, यात तुझा एकटीचा दोष नाही. सांघिक खेळाचा हा तोटा गृहीतच धरावा लागतो, आणि म्हणूनच मजबूत संघ असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेण्याला अर्थ आहे, मग त्यासाठी यवतमाळला किंवा अमरावतीला खोली घेऊन राहावे लागले तरी.

बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून पडताळणी कडक झाली आहे. प्रत्येक प्रमाणपत्रावरील नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का ते आताच पाहा. चूक असेल तर आयोजक हाताशी आहेत तोवर दुरुस्त करून घे. आरक्षणासाठी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी अहवाल लागतो आणि तो भरतीची जाहिरात निघाल्यावर घाईत मिळत नाही. दहावीच्या निकालातील क्रीडा सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो; त्याची मुदत सरांना याच आठवड्यात विचार, आणि त्या कार्यालयात जायचे झाले तर बाबांना बरोबर घेऊन जा.