विहीर सप्टेंबरात काठोकाठ, फेब्रुवारीत कोरडी : बोअर मारावे काय?

प्रश्न : काटोल तालुक्यातील एका संत्रा बागायतदारांनी विचारले आहे की, पावसाळ्याअखेर तुडुंब असलेली विहीर फेब्रुवारीत तळ गाठते, तर 400 फुटांचे बोअर घ्यावे काय?

उत्तर : काटोल-नरखेड पट्ट्यात जमिनीखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात, भेगाळलेल्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. त्याखालचा अखंड खडक पाणी धरत नाही. शिवाय या थरांच्या एकूण घनफळापैकी साधारण 1 ते 3 टक्के एवढेच पाणी विहिरीला सुटते. त्यामुळे पाऊस लागताच पातळी झपाट्याने चढते आणि उपसा सुरू होताच तेवढ्याच वेगाने उतरते.

हिशेब करून पाहा. 1 हेक्टरखाली पातळी 5 मीटर चढली आणि त्यातले 2 टक्के पाणी सुटते असे मानले, तर साठा 10 लाख लिटरचा होतो. 6 बाय 6 मीटरवर 277 झाडे असून उन्हाळ्यात प्रत्येकाला दिवसाला 100 लिटर दिले, तर तो सुमारे 36 दिवसांत संपतो. त्यातही पावसाळ्यानंतर वाहणारा नाला बहुधा याच साठ्यातून पाझरलेले पाणी नेत असतो.

खोल बोअरला भेग सापडली, तरी ते पुष्कळदा वरच्याच साठ्याचे, म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीचेही पाणी ओढते. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात शेतीसाठी 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फुटांहून खोल विहिरींना मनाई आहे. विहिरीतील आडव्या बोअरने पाणी लवकर हाती येते, साठा मात्र वाढत नाही.

माझ्या मते येथे बहाराची, म्हणजे झाडाला कोणत्या हंगामात फुलवून फळ घ्यायचे याची निवड बोअरपेक्षा अधिक महत्त्वाची आहे. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो व त्याला ऐन उन्हाळ्यात पाणी लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहाराच्या ताणाचा, म्हणजे फुलोऱ्यासाठी पाणी तोडण्याचा काळ मात्र उन्हाळ्यातच येतो आणि त्याची पाण्याची मोठी गरज पावसाळ्यानंतर, म्हणजे विहिरीला पाणी असतानाच पडते. सध्याचा आंबिया ठिबक व आच्छादनावर काढून पुढील वर्षी मृगाचा विचार करावा.

पुनर्भरण करताना, म्हणजे पावसाचे पाणी विहिरीत उतरवताना, शेतातील गढूळ पाणी थेट विहिरीत सोडू नये. दगड, खडी व वाळू भरलेल्या खड्ड्यातून गाळूनच सोडावे, अन्यथा काळ्या मातीच्या गाळाने झरे बुजतात. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे महिन्यांत काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजून नोंदवावे व ती वही तालुका कार्यालयात आणावी.